चारशे नेवऱ्या आणि पाठदुखी

प्रश्न : आदरणीय सर, माझं वय 47. नोकरी पणजीत सरकारी कार्यालयात, राहायला पर्वरीला. सासरचं मूळ घर सत्तरी तालुक्यात, वाळपईहून थोडं आत. लग्नाला 23 वर्षं झाली आणि त्यातल्या 22 चवथी, म्हणजे गणेशचतुर्थ्या, मी त्याच घरात काढल्या. मी थोरली सून. आधी तीन दिवस रजा टाकून जायचं. चारशे नेवऱ्या (करंज्या), तयेचा म्हणजे हरतालिकेच्या दिवसाचा स्वयंपाक, खतखत्याच्या भाज्या चिरणं, तीस-पस्तीस माणसांची पानं. सासूबाई होत्या तोवर त्या लाटायच्या आणि मी भरून मुरड घालायचे. 'तुझी मुरड माझ्यापेक्षा बारीक गं,' असं दरवर्षी एकदा तरी म्हणायच्या. तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या आणि सगळं माझ्यावर आलं. दोन वर्षांपूर्वी पाठ भरून आली म्हणून मी मध्येच उठून भिंतीला टेकले, तर जाऊ म्हणाली, 'वहिनींची गाडी आता थकली.' सगळे हसले. तिच्या मनात वाईट नसेलही. पण मला लागलं.

मोबाइलवर रोज कोणी ना कोणी सांगत असतं की लोकांच्या अपेक्षांची पर्वा सोडा, मन शांत होईल. मी सोडायचं ठरवलं. गेल्या चवथीला पाठदुखीचं कारण सांगून गेलेच नाही. मिस्टर आणि मुलगी गेली. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधूनही बाहेर पडले. मग मुलीच्या फोनवर फोटो बघितले. नेवऱ्या विकतच्या होत्या, कडेला मुरडीऐवजी कातण (कडा कापायचं चाक) फिरवलेलं स्पष्ट दिसत होतं. मला बरं वाटलं. आणि बरं वाटलं म्हणून मग वाईट वाटलं. वहिनी का आल्या नाहीत, असं विचारायला एकाचाही फोन आला नाही. आता दहा महिने होत आले. ओझं टाकलं तर शांती यायला हवी होती ना? माझं काय चुकतंय?
– एक वाचक, पर्वरी

उत्तर : ताई, तुमचं पत्र चार पानांचं होतं. जागेसाठी मी ते बरंच कापलं, पण विकतच्या नेवऱ्यांचं वाक्य कापायला हात धजेना. माझं उत्तर त्याच वाक्याला धरून आहे.

आधी माझी गोष्ट सांगतो, म्हणजे मी कुठल्या उंच जागेवरून उपदेश करतोय असं वाटायला नको.

माझं गाव फोंडा तालुक्यात. आमच्या देवळाच्या जत्रेला रात्री नाटक होतं, गोव्यात गावोगाव होतं तसंच. पालखी आत गेली, पावणी, म्हणजे देवापुढच्या वस्तूंचा लिलाव, आटपली, की साडेअकरा-बाराला पडदा वर जातो आणि पहाटेपर्यंत चालतं. नटी बाहेरून येते, पडदे भाड्याचे, बाकी सगळे गावचे. कोणी पोस्टात, कोणी कदंबाच्या सरकारी बसवर कंडक्टर, कोणी मास्तर. मी मास्तर. शाळेत गणित शिकवायचो आणि ऐतिहासिक नाटक असलं की औरंगजेब करायचो. एकोणीस वर्षं केला. मुलं पाठीमागून मला 'आलमगीर' म्हणायची आणि ते मला आवडायचं, हेही आता सांगून टाकतो.

औरंगजेबाच्या जोडीला बाकीचंही हळूहळू माझ्याकडे आलं. तालमी घेणं, वर्गणीची पावतीपुस्तकं, पेटीवाल्याची झोपायची सोय, पडदेवाल्याशी घासाघीस. 'सर, कराल का?' असं कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. 'नाही' असं मी म्हटल्याचंही आठवत नाही. 2009 च्या जत्रेआधी एका बैठकीत कोणीतरी म्हणालं, 'सरांना काय, त्यांना वेळच वेळ.' मी काही बोललो नाही. घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला की शाळेचे पेपर तपासायचे आहेत, यंदा जमणार नाही. तुमची पाठ, माझे पेपर.

माझं घर देवळापासून तीनशे पावलांवर. नाटकाच्या रात्री बाल्कनीत खुर्ची टाकून बसलो. दिवा मालवलेला, म्हणजे रस्त्यावरून कोणाला दिसायला नको. लाउडस्पीकरवरून शब्द न् शब्द ऐकू येत होता. माझं काम दिलं होतं गावातल्याच एका पोराला, माझ्याच जुन्या विद्यार्थ्याला. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, त्याच्या पाठीवर पेन्सिलीनं त्याच्या चुका मांडायला लागलो. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. पहिल्या अंकात सात, दुसऱ्यात चार. बायको झोपेतून उठून आली आणि म्हणाली, 'कितें मेजतात तुमी काळखांत?' काळोखात काय मोजताय? मी म्हटलं, काही नाही.

तिसऱ्या अंकात पोराचं वाक्य अडलं. अडलं ते अडलंच. शेवटी प्रॉम्प्टरचा आवाज माइकमधून अख्ख्या गावाला ऐकू गेला आणि माणसं हसली. मला इतका आनंद झाला की मी उठून घटाघट पाणी प्यालो. मग मंडपातून टाळ्या आल्या. त्या कुचेष्टेच्या नव्हत्या, पोराला धीर द्यायच्या होत्या. पोरानं ते वाक्य पुन्हा घेतलं, माझ्यापेक्षा बरं घेतलं, आणि मी बारावी रेघ काढायला टेकवलेली पेन्सिल तशीच धरून बसलो.

आता तुमच्याकडे येतो.

तुम्ही म्हणता, पर्वा सोडली. ताई, ज्याची पर्वा नाही त्याला माणूस कारण देत नाही. म्हापशाच्या बाजारात भाजीवालीनं 'भेंडी नको?' म्हणून विचारलं तर आपण 'नको' म्हणतो आणि पुढे जातो. तिला डॉक्टरचा कागद दाखवत नाही. तुमची पाठ दुखते हे खरं असणार, पण तुम्ही गेला नाहीत ते पाठीमुळे नव्हे. म्हणजे त्या घराला तुमच्याबद्दल काय वाटेल हे तुम्ही शेवटपर्यंत जपलंत, फक्त घरी बसून जपलंत. आणि त्यात तोटा असा झाला की जी गोष्ट त्यांना कळायला हवी होती, तीच त्यांच्यापर्यंत पोचली नाही. त्यांच्या लेखी वहिनींची पाठ धरली होती, म्हणून नेवऱ्या विकत आणल्या. संपला विषय. मनातला सगळा तंटा तुम्ही एकट्या पर्वरीत बसून लढलात. समोरच्या पक्षाला नोटीसच गेली नव्हती.

ग्रुप सोडून मुलीच्या फोनवर फोटो बघणं म्हणजे माझी दिवा मालवलेली बाल्कनी. त्यावर जास्त लिहीत नाही, माझ्यावरच उलटेल.

पण तुम्हाला खरं काय डाचतंय ते पत्रात शेवटी आलंय: एकाचाही फोन आला नाही. इथे मला वाटतं गाठ आहे. त्यांच्या तुमच्याकडून ज्या अपेक्षा होत्या, त्या तुम्ही खाली ठेवल्यात. तुमच्या त्यांच्याकडून ज्या आहेत, त्या मात्र एकही खाली ठेवली नाहीत. आपण गेलो नाही तर कोणाला तरी चुकल्यासारखं व्हावं. नेवरी हातात घेऊन कोणीतरी म्हणावं, वहिनींच्या हातची नाही. जावेला तिचं बोलणं आठवावं आणि तिनं फोन करावा. ही वाट बघणं दहा महिने चालू आहे. जो माणूस फोनची वाट बघतोय त्याचं मन शांत कसं व्हावं?

या अपेक्षा गैर आहेत, असं मी म्हणत नाही. बावीस वर्षं चारशेच्या हिशेबानं नेवऱ्या वळल्यावर (गणिताचा मास्तर आहे, आकडा आठ हजार आठशे होतो) कोणी तरी आठवण काढावी, असं वाटण्यात काय गैर? पण त्यांनाही कळायला हवं की तुम्ही वाट बघताय.

एक गंमत सांगतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या मानसशास्त्राच्या लोकांनी एक प्रयोग केला होता, तो 2000 साली छापून आला. एका विद्यार्थ्याला घालायला लाज वाटेल असा, एका गायकाचं मोठं चित्र असलेला टी-शर्ट घालून मुलांनी भरलेल्या खोलीत पाठवायचं. मग त्याला विचारायचं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? टी-शर्ट घातलेल्यांचा अंदाज साधारण निम्म्यांचा. खरंच लक्षात आलं होतं ते जेमतेम पाव जणांच्या. हा प्रयोग सहसा घाबरटांना धीर द्यायला सांगतात, की बाबा, लोक तुझ्याकडे बघत नाहीत, तू तुझं कर. तुमच्या-माझ्यासारख्यांना मात्र तो कडू लागतो. आपल्या सदऱ्याकडे कोणाचं लक्ष नसतं तसंच आपल्या रुसण्याकडेही नसतं. त्या दिवशी सत्तरीच्या त्या घरात पस्तीस माणसं होती, पाऊस होता, गणपतीवरच्या फळाफुलांच्या माटोळीला आंबाडे कमी पडले म्हणून कोणीतरी धावत होतं, गॅस संपला असेल, भटजी उशिरा आले असतील. तुमचं नाव निघालं असेलही, आणि आरतीला घुमट वाद्य वाजायला लागल्यावर बुडून गेलं असेल.

'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' ही म्हण आपण सगळे वापरतो आणि तिचा पहिला अर्धा गिळून टाकतो. तुम्ही जनाचं ऐकलंतच कुठे? एका जावेचं एक वाक्य ऐकलंत. चारशे नेवऱ्या हव्यातच, असं नक्की कोण म्हणालं होतं? मला वाटतं कोणीच नाही. सासूबाईंच्या काळी चारशे व्हायच्या म्हणून तुम्ही चारशे केल्यात.

सासूबाईंबद्दलही लिहितो, चूक असेल तर माफ करा. तुमच्या पूर्ण पत्रात त्या सहा ठिकाणी आहेत आणि सहाही ठिकाणी चांगल्या आहेत. मला शंका येते की तुम्हाला जड झालेली अपेक्षा जावेची नाही, दिरांची तर नाहीच. ती शेजारी बसून लाटणाऱ्या बाईची आहे, जी आता तिथे नाही. दोघींचं काम एकटीनं करताना हात दुखतात हे खरं, पण मध्येच मान वळवली तर शेजारची जागा रिकामी दिसते, तेही असेल. मोबाइलवरची मंडळी पर्वा सोडा म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर नाक खुपसणारे शेजारी असतात. गेलेल्या सासूची अपेक्षा सोडायची तर तिच्याबरोबर ती बारीक मुरडही सोडावी लागेल. ती सोडायची आहे का, हे तुम्हीच बघा. मला पत्रावरून तसं वाटत नाही. विकतच्या नेवरीच्या कडेला कातण फिरवलंय, हे फोटोत दुसऱ्या कोणी बघितलं असेल?

मी काय केलं ते सांगून मोकळा होतो. पुढच्या वर्षी, 2010 ला, बैठकीला गेलो आणि म्हटलं, 'काम करीन. तालमी घेणार नाही, वर्गणी गोळा करणार नाही.' हे वाक्य मी वर्षभर घोळवलं होतं. त्यावर काय काय बोलणी होतील आणि मी काय उत्तर देईन, सगळं तयार होतं. अध्यक्ष म्हणाले, 'बरं.' आणि मंडपाच्या पत्र्यांचा विषय निघाला. एकोणीस वर्षांचं ओझं, 'बरं'! इतक्या स्वस्तात सुटलो म्हणून मला उलट राग आला, दोन दिवस धुमसत होतो. तिसऱ्या दिवशी तो निवळला. तालमी त्याच पोरानं घेतल्या, ज्याच्या मी अकरा रेघा काढल्या होत्या. वर्गणी त्या वर्षी कमी जमली. जत्रा झाली.

तर चवथ अजून दोन महिन्यांवर आहे. ग्रुपवर काही लिहू नका. जावेला एकटीला फोन करा. काय हवंय ते आधी स्वतःशी ठरवा, पण आकड्यात ठरवा. 'मदत करा' असं म्हटलं तर सगळे 'हो हो' म्हणतात आणि पानं मांडायला येतात. 'मी तयेच्या दिवशी संध्याकाळी येते, शंभर नेवऱ्या भरते, तळायचं तू आणि दोघी नणंदा बघा, बाकीच्या विकत आणा' असं म्हणा. पाठीचा विषय काढू नका. थकलेल्या गाडीचं वाक्य तुम्हाला लागलं होतं, हेही सांगा. त्याच फोनवर नको, समोरासमोर, नेवऱ्या भरताना. भरताना हात गुंतलेले असतात, डोळे खाली असतात, अशी बोलणी तेव्हाच होतात. ती कदाचित म्हणेल, मी कधी बोलले असं? तिला आठवणार नाही. तयारी ठेवा.

आणि जायचंच नसेल तर 'यंदा मला यायचं नाही' एवढं सांगा. त्यावर बोलतील. चार दिवस बोलतील.

एक बाब जाता जाता. आपल्या गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवऱ्याच्या वाट्याला आलेल्या घरात बायकोचा निम्मा हक्क कायद्यानं असतो. ते घर उद्या विकायचं झालं तर तुमच्या सहीवाचून कागद पुढे सरकणार नाही. त्या घरात काय आणि किती व्हावं हे ठरवणाऱ्यांपैकी तुम्ही एक आहात. बावीस वर्षं तुम्ही तिथे बोलावून आणलेल्या स्वयंपाकिणीसारख्या का वागलात, हा प्रश्न मला पत्र वाचताना दोनदा पडला.

प्रश्न : सर, मी 26 वर्षांचा, इंजिनियरिंग केलं आहे. घरचं कुळागर (सुपारीची बाग) आहे, ते वाढवायचं आहे. बाबा म्हणतात सरकारी नोकरीचे फॉर्म भर. गाव हसतं. लोकांकडे दुर्लक्ष करायला कसं शिकू?
– एक वाचक, सावईवेरें

उत्तर : तू बाबांना आणि गावाला एकाच पोत्यात भरलंस. गाव हसतं त्याला उत्तर नको, ते तू शिकला नाहीस तरी चालेल. दोन पावसाळे गेले की गावाला दुसरं कोणीतरी सापडतं. बाबांचं तसं नाही. ते लोक काय म्हणतील असं विचारत नसावेत. सुपारी धरेपर्यंत खाणार काय, असं विचारत असावेत, फक्त त्यांना ते 'फॉर्म भर' असंच म्हणता येतं. हा हिशेबाचा प्रश्न आहे आणि तो दुर्लक्ष करून सुटत नाही. सुपारीचं रोप पाच ते सात वर्षांनी धरायला लागतं, कलम नसेल तर जायफळ त्याहून उशिरा. मिरी तिसऱ्या-चौथ्या वर्षी, अननस साधारण दीड वर्षात, केळी वर्षाच्या आसपास. एका कागदावर पहिल्या सात वर्षांचे सात रकाने कर आणि प्रत्येकात काय येणार, काय जाणार ते लिही. पाण्याचा पंप, गड्यांची मजुरी आणि माकडं विसरू नकोस. कागद बाबांसमोर ठेव आणि चुका काढायला सांग. त्यांनी त्या जमिनीत चाळीस वर्षं काढलीत, चुका काढतीलच. ज्या दिवशी ते 'फॉर्म भर' सोडून 'मजुरी कमी धरलीस' म्हणतील, त्या दिवशी मला कळव.

पहिले तीन रकाने रिकामे निघाले तर फॉर्मही भर. त्यात कमीपणा नाही.

प्रश्न : वय 62. माहेर म्हार्दोळ. मिस्टर जाऊन नऊ वर्षं झाली. मला जाईचा वळेसर माळायची फार आवड होती. अजून आहे. सून म्हणते, माळा. धीर होत नाही. शेजारच्या बायका बघतील.
– एक वाचक, फोंडा

उत्तर : माळा.

वरच्या ताईंना मी चारशे शब्दांच्या वर सुनावलं, तुम्हाला एकच पुरे, कारण इथे कोणाचं पान वाढायचं राहत नाही, की कोणाचा हिशेब अडत नाही. शेजारणी बघतील हे खरं. दोघी-तिघी कुजबुजतील. एखादी संध्याकाळी येऊन विचारील, कुठून आणलात, आणि तिच्याही घरी कोणीतरी गेलेलं असेल. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव करून नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद केलं. तुम्हाला ग्रामसभेची गरज नाही, एका पिनेची आहे. म्हार्दोळच्या देवळातली जायांची, म्हणजे जाईच्या फुलांची, पूजा जवळ आली आहे, तिथे जाणं होईलच. येताना कळ्यांचा वळेसर घ्या, फुललेला नको. बसमध्ये बसल्यावर सुनेला माळायला सांगा. फोंड्याला उतरेपर्यंत उमलायला लागेल.